इमामभाईबरोबर दीवला

घोडनदी

दीवहून परत येऊन आता दोन महिने होतील, तरी पेठेत भेटणारा प्रत्येक माणूस मला अजून एकच विचारतो, "वरून काय दिसतं हो?" मी सांगतो, तो ऐकतो, मान हलवतो आणि शेवटी म्हणतो, "ते झालं, पण खरं सांगा, दिसतं काय?" त्यापेक्षा एकदाचं लिहून टाकलेलं बरं.

माझं दुकान शिरूरच्या, म्हणजे घोडनदीच्या, एस.टी. स्टँडमागे आहे. ऑइल इंजिनं दुरुस्त करणं हा धंदा, गाव न्हावरे. इंजिनाचं वेड लहानपणापासूनचं, आणि वेड काही एका जागी थांबत नाही. पुण्याच्या फ्लाइंग क्लबात एका ओळखीच्या मेकॅनिकबरोबर विमानाचं इंजिन नुसतं बघायला म्हणून गेलो, तो दोन वर्षांनी लायसन घेऊनच बाहेर पडलो. वडिलांना हे कळलं तेव्हा ते शेतातून येऊन पाय धूत होते. "आभाळात कंची हीर उपसायचीय तुला?" एवढंच त्यांनी विचारलं. हौसेला मोल नाही असं काहीतरी मी पुटपुटलो. त्यांनी दुसरा पाय धुतला.

इमामभाई माझा शाळेतला सोबती. तो मूळचा वरवंडचा. शिरूरच्या बोर्डिंगात आम्ही एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो आणि एकाच गणितात नापास झालो. पुढं तो रेल्वेत गेला, भट्टीत कोळसा मारून मारून फायरमनचा ड्रायव्हर झाला आणि दौंडला क्वार्टरमध्ये राहू लागला. पॅसेंजर आणि मालगाड्या चालवता चालवता केस पिकले, आणि आता त्याला मेल गाडी मिळायची होती. दौंडात मेलच्या ड्रायव्हरची ऐट काय असते ते दौंडकरांनाच विचारावं. फलाटावरचा चहावाला स्टेशनमास्तरच्या आधी त्याचा कप भरतो. मध्ये फक्त एक पायरी उरली होती, रेल्वेच्या दवाखान्यातली डोळ्यांची तपासणी. ती आम्ही परत आल्यानंतरच्या आठवड्यात होती.

"डोळं थकल्यात रं," तो मला म्हणाला. "भट्टीचा जाळ बघून बघून. चार दिस समिंदराचं वारं लागलं, की व्हतील ताजं."

म्हणून ही सहल. मला कुठंतरी लांब उडायचं होतं, त्याला डोळ्यांना वारा लावून घ्यायचा होता. दीव पोर्तुगिजांच्या हातून सुटून थोडीच वर्षं झाली होती, आणि त्या बेटावर त्यांच्या काळातली एक धावपट्टी आहे असं क्लबात कळलं होतं. परवानगीची पत्रं येईपर्यंत पावसाळा गेला आणि थंडी पडली.

निघायच्या आदल्या दिवशी दौंडला गेलो. हमीदाभाभींनी बाजरीच्या भाकरी, लसणाची चटणी आणि उकडलेली अंडी बांधून ठेवली होती. इमामभाई पिशवीत कपडे भरायला आत गेला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांचं ध्यान कुठं असतं कळंना. परवा सख्खा भाऊ दारात हुबा ऱ्हायला, आन् हे इचारत्यात, कोन हाय म्हनून. जरा बघा तुम्ही."

"दमलाय तो," मी म्हटलं. "हवापालट झाला की बरं वाटेल." त्यांनी गाठोड्याची गाठ सोडून पुन्हा बांधली.

जुहू ते भावनगर

पुणे ते जुहू हा भाग सोडून देतो. आमचं विमान दोन माणसांचं, कापडी अंगाचं, पंख डोक्यावर असलेलं. दोघांनी खांद्याला खांदा लावून बसायचं आणि बोलायचं ते ओरडून. जुहूहून निघालं की किनारा धरून उत्तरेला जायचं. डावीकडं समुद्र, उजवीकडं रेल्वेची लाईन.

लाईन म्हटल्यावर इमामभाईची कळी खुलली. "दुसऱ्यांची लाईन हाय," तो म्हणाला, "पन रूळ त्यो रूळच." मग त्यानं मला इंजिनावरची रीत सांगितली. फायरमन पुढचा सिग्नल बघून मोठ्यानं हाक देतो, आणि ड्रायव्हरनं तीच हाक परत द्यायची. एकानं पाहिलं आणि दुसऱ्यानंही पाहिलं, असं दोन्ही तोंडांनी पक्कं झालं की मगच गाडी पुढं. "आपन बी तसंच करू," तो म्हणाला. "तू म्होरं बघून सांग, मी माघारी सांगतो."

मला ही रीत फार आवडली. "डावीकडं खाडी!" मी ओरडायचो. "डावीकडं खाडी!" तो ओरडायचा. "पुढं पूल!" "म्होरं पूल!" एकट्यानं उडताना मला कायम एक धाकधूक असते, की आपल्या नजरेतून काही सुटलं तर सांगणारं कोणी नाही. त्या दिवशी ती धाकधूक गेली. दोन डोळ्यांचे चार झाले होते.

तर, वरून काय दिसतं? मिठागरं दिसतात, शेवयांचे पाट वाळत मांडावेत तशी चौकोनी. ओहोटीनं उघड्या पडलेल्या खाड्या दिसतात. आगगाडी दिसते, पण तिचा धूर आधी दिसतो. माणूस दिसतो, मात्र तो वर बघायला लागला की मगच, कारण तेव्हा तो थांबतो. बैल काही वर बघत नाहीत.

सुरतेच्या पुढं किनारा सोडून डावीकडं वळलो. आता अर्धा तास फक्त पाणी. मला वाटलं होतं समुद्र निळा असेल, तर हे पाणी घोड नदीला पूर आल्यावर असतं तसं गढूळ. इथं रूळही नव्हता आणि पूलही नव्हता, त्यामुळे आमच्या हाका बंद पडल्या. मी होकायंत्राकडं बघत होतो. इमामभाई मांडीवर हात ठेवून बसला होता.

"सूर बदलला," तो एकदम म्हणाला.

मी काटे पाहिले. सगळे जागच्या जागी. "काही नाही," मी म्हटलं.

"रामभाऊ, सूर पडतोय."

आणि खरंच, थोड्या वेळानं फेऱ्यांचा काटा खाली सरकू लागला. दमट हवेत कार्बोरेटरच्या गळ्यात बर्फ धरतं हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. गरम हवेचा दांडा ओढला. इंजिन दोनदा खोकलं आणि पुन्हा लयीत आलं. माझ्या कपाळावर घाम होता. इमामभाई म्हणाला, "आता बराबर," आणि हाताची घडी घालून बसला. इंजिनावर पोट भरणारा मी, आणि ऐकलं त्यानं.

भावनगरला मुक्काम केला. खानावळीत डाळीत गूळ होता. पहिल्या घासाला इमामभाईनं वाटीत वाकून पाहिलं. "ही डाळ हाय का पुरनाची तयारी?" तो म्हणाला. भाभींची चटणी कालवल्यावर मग ती डाळ घशाखाली उतरली. वाढणाऱ्यानं ती चटणी बोटावर घेऊन चाखली आणि उरलेला वेळ तो आमच्या टेबलाकडं आलाच नाही.

दीव

दीवच्या धावपट्टीवर गाई चरत होत्या. त्यांच्या डोक्यावरून एक खालची फेरी मारली तरी त्या हलल्या नाहीत. मग टॉवेल उडवत एक माणूस धावत आला, त्यानं त्या हाकलल्या आणि आम्ही उतरलो. उतरल्यावर त्यानं आमच्याकडं तक्रार केली, की दुभत्या गाईला असं भिववलं तर ती पान्हा चोरते. त्याचं म्हणणं बरोबर होतं. आम्ही त्याची माफी मागितली.

बेट लहान. एका अंगाला किल्ला, त्याच्या भिंतीवर समुद्र आपटतो. गावातली घरं पिवळी, निळी, गुलाबी. आपल्याकडं शेणानं सारवतात तसा त्यांच्याकडं रंगाचा हात द्यायची चाल असावी. माडाच्या जातीचं एक झाड पाहिलं, त्याला मधूनच फाटे फुटलेले. असं झाड मी आधी पाहिलं नव्हतं आणि आता सांगितलं तर न्हावऱ्यात कोणी विश्वास ठेवत नाही.

एका म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईच्या घरी उतरलो. सकाळी ती ताजे पाव आणून देई. आमची चार दिवसांची वाळलेली भाकरी तिनं हातात घेतली, टेबलावर आपटून पाहिली आणि खूण करून विचारलं, हे खायचं कसं? मी म्हटलं, कालवणात. तिनं माशाचं कालवण आणलं, त्यात भाकरी चुरली, एक घास खाल्ला आणि उरलेली सगळी मागून घेतली. त्या मोबदल्यात आम्हाला दोन दिवस पापलेट मिळालं. हा सौदा आमच्या फायद्याचाच झाला.

शुक्रवारी इमामभाई जुन्या मशिदीत नमाजाला जाऊन आला. एरवी दिवसभर तो किनाऱ्यावर बसायचा, वाऱ्याकडं तोंड करून, डोळे ताणून, औषध घालून घेतल्यासारखा. डोळ्यांतून पाणी यायचं. "निघतोय समदा धूर," तो म्हणायचा. मी हसायचो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धक्क्यावर एक म्हातारा तांडेल जाळं विणत बसलेला भेटला. सगळे त्याला वेलजीबापा म्हणत. त्याची बोटं जाळ्यावर चालत होती आणि तोंड समुद्राकडं होतं. आमच्याशी तो मोडक्या हिंदीत बोलला. "वो बाहर जो खडा है," त्यानं इमामभाईला विचारलं, "छोटी होडी है के बडा वहाण?"

इमामभाई माझ्याकडं वळला. "सांग की रं."

"दोन डोलकाठ्या आहेत. मोठं आहे," मी म्हटलं.

"दो डोलकाठीवाला है. बडा है," इमामभाईनं त्याला सांगितलं.

वेलजीबापा हसला. "ये तो इस भाई ने देखा. तुमने क्या देखा?"

इमामभाईनंही हसून नेलं. मग म्हाताऱ्यानं आपली गोष्ट सांगितली. तीस वर्षं त्याच्या हातात सुकाणू होतं. एका संध्याकाळी त्यानं काळ्या खडकाला परतणारी होडी समजून तिकडं नाव घातली. ऐन वेळी कोणीतरी सुकाणू ओढलं म्हणून सगळे वाचले. दुसऱ्या दिवसापासून तो धक्क्यावर बसला. "मेरे को लगा, किसी को मालूम नहीं," तो म्हणाला. "सब छोकरों को मालूम था. दो साल से. तांडेल को कौन बोले?"

त्या रात्री इमामभाई जेवला नाही. पापलेट तसंच राहिलं. घरची आठवण आली असेल असं मला वाटलं. इंजिन सोडून मला फारसं काही लवकर कळत नाही, आणि इंजिनाचंही आधी त्यालाच कळलं होतं.

परतीचं पाणी

परतताना भावनगरहून सकाळी निघालो. पुन्हा तेच गढूळ पाणी, पण आता ऊन समोरून डोळ्यांवर येत होतं. मी डोळे बारीक करून बघत होतो. समोर काहीतरी पांढरं दिसलं.

"पुढं शीड!" मी ओरडलो.

"म्होरं शीड!" इमामभाई ओरडला.

बराच वेळ झाला तरी ते शीड मोठं होईना. मी मान डावीकडं केली, तर शीडही पाण्यावरून सरकलं. हात लांब करून पाहिलं, तर ती काचेला बाहेरून चिकटलेली पाखराची शीट होती.

मी मोठ्यानं हसलो. त्याला दाखवलं, तोही हसला. आणि मग माझं हसू आपोआप थांबलं. मला उन्हामुळे भास झाला होता. पण त्याला तर शीड दिसलं होतं.

पुढं मी जे केलं त्याचा मला अभिमान नाही. समुद्र धुतलेल्या परातीसारखा रिकामा होता. मी ओरडलो, "डावीकडं आगबोट!"

"डावीकडं आगबोट!"

"दोन धुरांडी!"

"दोन धुरांडी!" तो म्हणाला. नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या ठसक्यात.

हमीदाभाभींची गाठोड्यावरची बोटं आठवली, वेलजीबापाचा प्रश्न आठवला. याच्याच पॅसेंजरनं माझी आई वर्षातून दोनदा दौंडहून पुण्याला जाते, आणि इमामची गाडी आहे म्हणून निर्धास्त झोपते. आणि मी स्वतः? चार डोळ्यांच्या भरवशावर इथवर आलो होतो, ते दोनच निघाले.

"इमाम," मी म्हटलं, "आगबोट नव्हती."

इंजिन वाजत राहिलं. किनाऱ्याची रेघ दिसू लागली तेव्हा त्यानं तोंड उघडलं.

"दोन वर्सं झाली. मानूस हाय ह्ये दिसतं, कोन हाय त्ये न्हाई. सिग्नलचा खांब दिसतो. त्येचा हात पडून वाट मोकळी झालीय का न्हाई, त्ये न्हाई कळत."

"मग गाडी?"

"गनपत, माजा फायरमन, हाक देतो. गनपतचं डोळं घारीचं हायेत. त्याच्या हाकंवर मी चालवतो."

"आणि तपासणी?"

"मागल्या खेपेला माज्या म्होरचा गडी तक्ता मोठ्यानं वाचत व्हता. मी बाकावर बसून पाठ केला. तक्ता बदलत न्हाईत त्ये."

"गणपतला माहीत आहे?"

"त्यो कदी बोलला न्हाई." थोडा वेळ तो खाली पाण्याकडं बघत राहिला, म्हणजे पाण्याच्या दिशेला. मग म्हणाला, "मेलवर गनपत नसतोय. नवा फायरमन देत्यात." आणखी थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "तू सांगनार हायेस का कुनाला?"

"सांगेन," मी म्हटलं. मग म्हटलं, "नाही सांगणार." दोन्ही मी मनापासून म्हटलं होतं. बारा-तेरा वर्षांचे असल्यापासूनची आमची दोस्ती. त्याच्या तोंडातला घास काढून घेण्याचा विचार मला सहन होत नव्हता, आणि मेलचे डबे एकामागून एक डोळ्यांपुढून जात होते, ते थांबत नव्हते. जुहूला उतरेपर्यंत आम्ही एकमेकांकडं पाहिलं नाही.

दौंडावरून

जुहूला पेट्रोल भरलं. चहा घेतला. पुन्हा वर आलो आणि घाटाला लागलो. खाली डोंगराच्या पोटातून लाईन आत-बाहेर करत होती. सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "उजवीकडं बोगदा!"

उत्तर आलं नाही. मी कानोसा घेत राहिलो.

"न्हाई दिसत," इमामभाई म्हणाला.

मला वाटलं रागावला. पुढं लोणावळ्याचं तळं आलं. मी हळूच म्हटलं, "डावीकडं तळं."

"न्हाई दिसत." आवाजात राग नव्हता. नवा जोडा घालून चार पावलं चालून बघावं, तसा तो ते शब्द म्हणून बघत होता. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "न्हाई दिसत. तू सांग."

पुण्याची धावपट्टी खाली आली, पण मी उतरलो नाही. पेट्रोल पुरेसं होतं. क्लबवाले ओरडले असते, आणि ओरडलेही. मी सोलापूरच्या लाईनवर नाक धरलं आणि त्याला सांगत गेलो. उरुळी आली. यवत आलं, डोंगर मागं पडला. आता कालव्याचं पाणी प्यालेला ऊस, हिरवागार. रस्त्यावर बैलगाड्यांची रांग. हे वरवंड. चावडीपुढं माणसं जमलीत, कसली तरी सभा असावी. तुमचं घर, बघ, पत्रा नवीन घातलाय कोणीतरी.

"थोरल्या भावानं घातला," तो म्हणाला. "म्होरं?"

पुढं दौंड. यार्डातले रूळ वेणीच्या पेडांसारखे एकात एक गेलेले. शेडवर धूर. भीमेचं पात्र, त्यात वाळू जास्त आणि पाणी कमी. क्वार्टरांच्या रांगा. मी खाली आलो आणि एक घेर घेतला. "तिसरी रांग," मी म्हटलं. "दोरीवर कपडे वाळत घातलेत. एक बाई अंगणात येऊन वर बघतेय."

"हमीदा हाय का?"

"इतक्या वरून ओळखू येत नाही."

"मग तुलाबी न्हाई दिसत," तो म्हणाला आणि हसला. दीव सोडल्यापासून तो पहिल्यांदा मोकळा हसला. मग त्यानं खिडकीतून हात बाहेर काढून हलवला, ती कोणीही असली तरी. माझे डोळे भरून आले. विमान चालवताना ते बरं नाही, म्हणून मी भीमेवरून न्हावऱ्याकडं वळवलं आणि त्याला आमची कांद्याची शेतं सांगू लागलो.

आठ दिवसांनी तो शिरूरला माझ्या दुकानात आला. एस.टी.तून उतरून सरळ आत. बाकावर एक इंजिन चालू करून ठेवलं होतं, त्याच्याजवळ जाऊन थांबला. "व्हॉल्व्ह बघ ह्येचा," म्हणाला. मी तासभर त्याच इंजिनाशी झटत होतो, आणि दोष व्हॉल्व्हचाच निघाला. आता तो दौंडच्या शेडमध्ये असतो. गाडीवरून आलेलं इंजिन काय बोलतंय ते ऐकायचं आणि फिटरला सांगायचं, हे त्याचं काम. मेल दुसऱ्याला मिळाली. चहावाला कोणाचा कप आधी भरतो ते मी विचारलेलं नाही. पण वरून काय दिसतं हे तो दौंडात सगळ्यांना सांगतो, आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगतो, असं भाभी म्हणतात.

त्या दिवशी मात्र मला हे काहीच माहीत नव्हतं. मी इंजिन बंद केलं, हात पुसले आणि विचारलं, "झाली तपासणी?"

"झाली."

"तक्ता?"

"त्योच व्हता. पार खालच्या वळीपत्तुर तोंडपाठ व्हता मला. दवाखान्याच्या वाटंनं जाताना बी दोनदा म्हनून बघितला, एक अक्षर चुकलं न्हाई."

"मग?"

"डागदरनं वरच्या पयल्या अक्षरावर काठी ठिवली आन् म्हनला, वाचा." इमामभाईनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्या म्हटलं, साहेब, न्हाई दिसत."